शिअर बॉक्स यंत्र: वाळूसाठी उत्तम, चिकणमातीसाठी अपुरे

मातीची कर्तनशक्ती, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकवणाऱ्या बलाला तिचा होणारा विरोध, मोजण्यासाठी घेतलेले हे यंत्र वर्षभर वापरून हा अभिप्राय लिहीत आहे. ६० मिमी बाजूच्या चौकोनी पेटीचे दोन भाग असून, वरून ठरावीक भार ठेवून एक भाग दुसऱ्यावरून सरकवला की माती किती प्रतिबलाला (दर एकक क्षेत्रफळावरील बलाला) हार मानते ते कळते. वेगवेगळ्या भारांखाली हीच चाचणी तीनदा केली की कर्तनशक्ती आणि भार यांचे नाते सांगणाऱ्या कुलोमच्या समीकरणातून संसक्ती (कणांची आपसातील चिकटण) आणि अंतर्गत घर्षणकोन (कणांमधील घर्षणाचे माप) काढता येतात.

वाळूच्या बाबतीत या यंत्राने मला खरोखर आनंद दिला. घट्ट ठासलेली वाळू सरकताना तिचे कण एकमेकांवर चढतात आणि वरचे झाकण चक्क उचलले जाते, तर सैल वाळूत तेच झाकण खाली बसते. डायल गेजच्या काट्यावर हा फरक इतका स्वच्छ दिसतो की विद्यार्थ्यांना वेगळे समजावावे लागत नाही.

चिकणमातीतील पाणी निघून जाण्यास मात्र पुरेसा वेळ द्यावा लागतो, म्हणून पेटी अगदी हळू सरकवावी लागते, आणि नेमक्या सर्वांत मंद गतीवर मोटर अडखळते, ही गंभीर उणीव आहे. शिवाय पेटी ६ मिमी सरकली की संपर्काचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी घटते, त्याची दुरुस्ती माहितीपुस्तिकेत दिलेलीच नाही. छिद्रजलदाब, म्हणजे मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब, मोजता येत नाही, पण ती या पद्धतीचीच मर्यादा असल्यामुळे निर्मात्याला दोष देणार नाही; त्यासाठी त्रिअक्षीय चाचणीच (नमुन्यावर सगळ्या बाजूंनी दाब देऊन केलेली चाचणी) करावी. चिकणमातीसाठी घेणाऱ्यांनी मंद गतीची चाचणी आधी समोर करून मागावी.