‘व्हिंटेज नंबर घ्या, रोज चालवा’ : नागपूरच्या उन्हात माझे ४,९६,५०० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. गाडीचे २,८०,०००. ‘उन्हाळी पॅकेज’चे, म्हणजे ती उन्हात चालावी म्हणून करायच्या कामांचे १,६४,५००. जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या खास ‘व्हिंटेज’ नंबरचे ३८,०००. पुण्याहून नागपूरला गाडी आणायचे १४,०००. एकूण ४,९६,५०० रुपये. एवढं मोजून आज माझ्या दारात १९७१ ची फियाट अकराशे डिलाईट उभी आहे. ती अजून माझ्या नावावर नाही, व्हिंटेज नंबर तिला मिळालेला नाही आणि दुपारी बारानंतर ती वर्धा रोडवर धड पाच किलोमीटर जात नाही. नातेवाइकांना मी पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही, लाज वाटते. तरी इथे लिहितोय, कारण पुण्याच्या ज्या गॅरेजकडून ती घेतली त्याच्या जाहिराती अजून रोज दिसताहेत आणि खाली लोक भाव विचारताहेत.

‘पन्नास वर्षं जुनी गाडी रोज चालवायचीच कशाला?’ हा प्रश्न मला पोलिसांपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. जणू मी हौस केली म्हणून मला लुबाडायचा परवानाच मिळाला! या फियाटचीच पुढची आवृत्ती म्हणजे पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी दिवसरात्र टॅक्सी म्हणून धावली. शेवटची २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३ मध्ये बंद झाली. मुदत संपली म्हणून. चालेना म्हणून नव्हे. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, कोणताही जुना मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. माझ्या वडिलांनी अशीच गाडी अनेक वर्षं वापरली. मला ती घर ते बुटीबोरी अशी कामावर जायला हवी होती आणि त्यात काहीही वावगं नाही.

अडचण आमच्या उन्हाची आहे, हे मला माहीत होतं. मुंबईचं ३४ आणि नागपूरचं ४५ यांत फार फरक पडतो. रेडिएटरला हवा पुरत नाही. पेट्रोलचा पंप इंजिनच्या अंगालाच चिकटलेला असतो, तिथेच पेट्रोल उकळून वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि गाडी भर चौकात गप्प होते. जुना डायनॅमो सिग्नलला उभं असताना नीट चार्ज करत नाही, त्यावर इलेक्ट्रिक फॅन आणि एसी लावला की बॅटरी बसते. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खातं. या सगळ्यावर इलाज आहेत. मी तेच मागितले आणि त्याचेच पैसे दिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘माहिती न काढता घेतली असेल’ असं म्हणणारे भरपूर आहेत. माहिती होती म्हणूनच त्यांनी मला हेरलं. ज्याला काहीच कळत नाही त्याला नुसती चकाचक रंगाची गाडी विकतात. ज्याला थोडं कळतं त्याला त्याच्याच भाषेत बोलून विकतात.

गाडी मी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात पाहिली. सकाळी सातला बोलावलं. ‘सर, लवकर या, ट्रॅफिक नसतो, मनसोक्त चालवता येईल.’ थंडीत, रिकाम्या रस्त्यावर कुठलीही जुनी गाडी लोण्यासारखी चालते. उन्हाळ्यात वापरायची गाडी कधीही सकाळी पाहू नका. दुपारी जा, अर्धा-पाऊण तास चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग स्टार्ट करा. गरम झालेली गाडी परत स्टार्ट होते का, हीच खरी परीक्षा. विकणारा ‘आज दुपारी वेळ नाही’ म्हणाला तर तिथूनच परत या.

टोकन २५,०००, मग आरटीजीएसने २,५५,०००. त्यानंतर पॅकेजचं कोटेशन आलं, लेटरहेडवर, एकेक कलम लिहून : अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर २२,५००, इलेक्ट्रिक फॅन ७,५००, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर १३,५००, एसी ६२,०००, इंजिन ओव्हरहॉल ४८,०००, इथेनॉल किट म्हणजे पाइप, पंप, पडदे असं सगळं ११,०००. पैसे तीन हप्त्यांत : ६०,०००, ६०,००० आणि ४४,५००. प्रत्येक हप्त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर कामाचे फोटो.

आता तो फोटो. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ‘सर, आजचं काम’ असं लिहून गॅरेजवाल्याने चार फोटो पाठवले. बॉनेट उघडं, आत चकचकीत अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, मागे पत्र्याची शेड. मी रेडिएटरच पाहिला, कुणीही तोच पाहील, पैसे त्याचे होते. पण त्या शेडच्या पन्हळीतून पाणी गळत होतं. खिळ्याला रेनकोट टांगलेला होता. भिंतीच्या तळाला हिरवंगार शेवाळ आणि गेटाशी घोट्याएवढं गवत. एप्रिलमध्ये! मला ते खटकलं, अगदी स्पष्ट खटकलं. मी विचारलंही : ‘पाऊस झाला का तिकडे?’ लगेच उत्तर आलं, ‘हो सर, काल वळवाचा जोरदार झाला.’ पुण्यात एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस होतो. आमच्याकडे त्या दिवशी कूलरच्या पाण्यालासुद्धा झळ लागत होती, पुण्यात झाला असेल असंच मला वाटणार. पण एका रात्रीच्या पावसाने भिंतीवर शेवाळ चढत नाही. ते फोटो कधीच्या तरी पावसाळ्यातले, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे होते. त्याच संध्याकाळी मी दुसरे ६०,००० पाठवले. रात्री जाग येते ती त्या शेवाळापाशीच येते.

फोटोवर एक पैसाही सोडू नका. व्हिडिओ कॉल लावा, गाडीचा चेसिस नंबर आणि नवा बसवलेला पार्ट एकाच फ्रेममध्ये, मध्ये न तोडता दाखवायला सांगा. जुने पार्ट गाडीबरोबर परत मागा. ज्याने खरंच रेडिएटर बदललाय त्याच्याकडे जुना पडलेला असतोच.

गाडी मेच्या अखेरीस आली, ऐन नवतपात, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. पहिल्याच आठवड्यात दुपारी खापरीपाशी बंद पडली. जवळच्या मेकॅनिकने पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, वरून पाणी ओतलं, थोड्या वेळाने चालू झाली. मग तो बॉनेटमध्ये वाकला आणि बराच वेळ गप्प राहिला. ‘भाऊ, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर म्हणता ना तुम्ही?’ स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याने रेडिएटरच्या वरच्या टाकीवर ओढलं. चंदेरी रंगाचं साल निघालं आणि खाली पिवळंधमक पितळ दिसलं. जुन्याच रेडिएटरला स्प्रे मारला होता! २२,५०० रुपयांचा स्प्रे. अल्टरनेटर म्हणून जे होतं तो जुना डायनॅमोच होता, वरून काळा रंग दिलेला. पंपाजवळचा पाइप बोटाने दाबला तर चिरा उघडल्या, म्हणजे इथेनॉल किटही नव्हतं. फॅन होता, पण त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. एसीचा कॉम्प्रेसर बसवलेला होता, एवढी एकच गोष्ट खरी; गॅस नव्हता. ओव्हरहॉल झालं की नाही हे इंजिन खोलल्याशिवाय कळणार नाही आणि खोलायचे पैसे आता माझ्याकडे नाहीत.

आणि हे सगळं कमी म्हणून व्हिंटेज नंबर. इथे नीट वाचा, कारण यात सगळ्यात जास्त लोक अडकताहेत. त्याने मला सांगितलं, ‘सर, पन्नास वर्षं झाली आहेत, व्हिंटेज नंबर काढून देतो. मग दर पाच वर्षांची फिटनेसची कटकट नाही, टॅक्सची नाही, बिनधास्त रोज चालवा.’ ३८,००० रुपये ‘एजंटच्या खात्यात’, तेही वेगळ्याच नावावर. खरा नियम असा आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं, राज्याची समिती गाडी पाहते. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. आणि असा नंबर असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही! प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे त्याने खरोखर नंबर काढून दिला असता तरी मी बुटीबोरीला जाऊ शकलो नसतो. रोज चालवायची असेल तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करावं लागतं, फिटनेससह, पाच पाच वर्षांनी. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी २०२५ पासून १०,००० आहे, पर्यावरण कर वेगळा. महाग आहे, पण कायदेशीर आहे. ‘व्हिंटेज’ आणि ‘रोज’ हे दोन शब्द एकाच जाहिरातीत दिसले तर समोरचा खोटं बोलतोय.

त्याने मला अर्जाची पावतीही पाठवली होती, शिक्का, बारकोड, सगळं. आरटीओत दाखवली तर खिडकीतल्या बाईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, ‘असा अर्जच नाही.’ मग पावती बनावट आहे असं लिहून द्या म्हटलं. ‘आम्ही कसं लिहून देणार? आम्ही दिलेली नाही ना.’ दिलेली नाही एवढंच लिहून द्या! ‘साहेबांना भेटा.’ साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या वेळी साहेब भेटले, तर ‘एजंटकडे गेलात कशाला?’ कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबलं टाकून एजंट बसलेत आणि हा प्रश्न मला! शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा ‘असा कोणताही अर्ज प्राप्त नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. ती एक ओळ आज माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुम्ही खिडकीवर वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाका.

पोलिसांचं तर काय सांगू. नागपुरात म्हणाले, व्यवहार पुण्यात झाला, पुण्यात जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हे नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. ते मी छापून नेलं होतं. ‘काका, आम्हाला कायदा शिकवू नका.’ पुण्यात गेलो. तिथे विचारलं, ‘गाडी मिळाली ना? मग फसवणूक कसली? क्वालिटीचा वाद आहे, सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.’ पितळेवर चंदेरी रंग मारून अ‍ॅल्युमिनियमचे पैसे घेणं हा क्वालिटीचा वाद? सरकारी पावती बनावट करणं सिव्हिल मॅटर? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, मग ते कुणासाठी आहे? त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला, माझ्यासमोर दोन मिनिटं हसत बोलले आणि मला म्हणाले, ‘तो म्हणतोय बसून मिटवू, तुम्ही बसा.’ त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर काही दिवसांनी मेसेज : संबंधित पोलीस ठाण्याशी संपर्क साधा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ३८,००० ज्या खात्यात गेले ते गोठवायला पोलिसांचं पत्र लागतं आणि पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हाच नोंदलेला नाही. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि पुढचा मागच्याकडे. चोराला यांच्याइतकी मदत त्याच्या साथीदारानेही केली नसेल.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, ऑनलाइन. पाच लाखांच्या आत रक्कम असेल तर फी लागत नाही. आणि पुण्याला खेटे घालायची गरज नाही, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाखल करता येते. हे मला कुठल्याही कार्यालयाने सांगितलं नाही. दोन वर्षांची मुदत असते, ‘बसून मिटवू’च्या नादात ती घालवू नका.

गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर माझ्या सह्या घेऊन गॅरेजवाल्याने ते स्वतःकडे ठेवले, म्हणून गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. ते गृहस्थ वयस्कर आहेत, साताऱ्याकडे राहतात. फोनवर कळलं की त्यांना गाडीचे फक्त १,१०,००० मिळाले होते. ते नव्याने सह्या द्यायला आणि आयोगापुढे तसं प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले आहेत. मूळ मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय टोकन देऊ नका, ‘मालक परदेशात असतात’ हे मलाही सांगितलं होतं.

पुण्याच्या त्या गॅरेजला ज्यांनी टोकन दिलं असेल त्यांनी पुढचा हप्ता आजच थांबवावा. पत्र्याची शेड, गळणारी पन्हळ आणि शेवाळलेली भिंत असलेला रेडिएटरचा फोटो तुम्हालाही आला असेल तर तो तारखेसह जपून ठेवा आणि मला कळवा. एकाच फोटोवर दोघांकडून पैसे घेतल्याचं आयोगापुढे दाखवता आलं तर क्वालिटीचा वाद म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.