नागपूरच्या बर्डीवरचं जुन्या पुस्तकांचं दुकान: धूळ लय, पण माल एक नंबर

दुकानाला बोर्ड नाही. मेन रोडवरून गल्लीत घुसलं की झेरॉक्सवाल्याच्या बाजूला अरुंद जिना, वर गेलं की पुस्तकंच पुस्तकं. फॅन एकच, तोही दुकानवाल्या काकाजींकडे वळवलेला, मे महिन्यात चुकूनही जाऊ नका बे.

स्पर्धा परीक्षांच्या गाइडवर सगळे तुटून पडतात, मी मागच्या कोपऱ्यात बसलो तर तिथं अलास्का आणि सायबेरियातल्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या कारभारावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, पुठ्ठा गायब, सुरुवातीची पानंही गायब. नागपुरात हे कोणी विकत घेतलं असेल देव जाणे! २५० सांगितले. घासाघीस केली तर काकाजी म्हणे, "रद्दी पाहिजे तर खाली जा."

घेतलं, आणि पैसे वसूल. देवाधर्माचं कमी, परवानग्या, पगार आणि रजिस्टरं यांचंच जास्त आहे, मले तेच आवडलं. १७९४ मध्ये रशियातल्या वालाम मठाचे साधू तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या अलास्काच्या कोडियाक बेटावर पोचले, त्यांच्या प्रमुखाला म्हणजे योआसाफला बिशप (पाद्र्यांचा वरचा साहेब) करायचं ठरलं तर त्या सोहळ्यासाठी बिचाऱ्याला समुद्र ओलांडून पार सायबेरियातल्या इर्कुत्स्कला जावं लागलं, १७९९ मध्ये बिशप झाला आणि परत येताना जहाजच बुडालं! नंतर बिशप मिळायला १८४० उजाडलं. आता नियम असा की पाद्र्याला दीक्षा फक्त बिशपच देणार, म्हणजे मधली ४० वर्षं तिथल्या कोणाला पाद्री करायचं तरी कागद आणि माणूस दोन्ही इर्कुत्स्कला.

१८४० चा तो बिशप म्हणजे वेनियामिनोव. आधी १८२४ पासून अलास्कातल्या उनालास्का बेटावर साधा संसारी पाद्री, तिथल्या लोकांची अल्यूत भाषा शिकला, तिच्यासाठी लिपी बसवली. विवाहित माणूस बिशप होऊ शकत नाही, पण बायको वारल्यावर तो साधू झाला आणि इनोकेंती नावानं थेट कामचाटका, कुरिल आणि अल्यूशियन बेटांचा बिशप. मुख्यालय अलास्कातल्या सिटकाला, मग १८५० च्या दशकात सायबेरियातल्या याकुत्स्कला हलवलं. आपल्याकडे अधिवेशनापुरत्या फायली मुंबईहून येतात तर केवढा गाजावाजा, इथं तर मधे अख्खा समुद्र!

शेवटचा भाग सगळ्यात भारी. १८६७ मध्ये रशियानं ७२ लाख डॉलरला अलास्का विकून टाकलं, पण करारात चर्चच्या इमारती तिथल्या ऑर्थोडॉक्स लोकांकडेच ठेवल्या आणि राज्य अमेरिकेचं होऊनही पैसा रशियातूनच येत राहिला, १९१७ ची क्रांती होईपर्यंत. जन्म, लग्न, मृत्यूची रजिस्टरंही पाद्रीच भरत होते. नकाशा मात्र एकही नाही, फाडून नेला असेल कोणी, मोबाइल उघडूनच वाचावं लागते.

दुकानाबद्दल सांगायचं तर यूपीआय चालते, बिल मागू नका, घेतलेलं परत घेत नाहीत, पानं मोजून घ्या. गाडी मेट्रो स्टेशनकडेच लावा, गल्लीत लावली की टोइंगवाला उचलतेच. चार स्टार, एक फॅनचा कापला.