कार्बन फ्रेमवरचा स्टिकर आणि त्याखाली भरलेली लांबी (पुट्टी)

सेकंड हँड कार्बन माउंटन बाइक घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ६८,००० रुपये गेले, आणि ज्याने ते घेतले तो माणूस आजही पुण्यात बाइक विकतोय.

माझी आधीची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक, अ‍ॅल्युमिनियमची होती. वेताळ टेकडी, तळजाई, सुट्टीला सिंहगडाच्या पायथ्याचे रस्ते, असा तिचा भरपूर वापर झाला. आता हलकी फ्रेम हवी होती आणि नवी कार्बन आवाक्याबाहेरची, म्हणून जाहिराती बघत होते. हा विक्रेता तिथेच सापडला. दुकान नाही, सगळा व्यवहार घरून. बोलणं अदबीचं आणि विषयाची माहिती पक्की. "मॅडम, अ‍ॅल्युमिनियमला फटीग येतो, कार्बनला येत नाही. जुनं अ‍ॅल्युमिनियम घेऊच नका, कार्बन मात्र कितीही वापरलेलं घ्या," हे त्याने मला अगदी शांतपणे समजावून सांगितलं.

यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि फसवणूक त्याच्याच आडून झाली. धातूवर पुन्हा पुन्हा ताण येत राहिला की त्यात बारीक तडा जन्मतो आणि हळूहळू वाढतो, यालाच फटीग म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली राहिलं तर ते जवळजवळ कायम टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहानसहान धक्केही त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. म्हणून तर त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात, म्हणजे प्रत्येक धक्क्याला येणारा ताणच मुळात कमी राहतो. चांगलं बनवलेलं कार्बन या बाबतीत कितीतरी सरस आहे. पण म्हणून अ‍ॅल्युमिनियम कच्चं ठरत नाही. सायकलींच्या आयएसओ ४२१० मानकात फ्रेमवर पेडलच्या जोराचे एक लाख फेरे देऊन बघतात, आणि त्यातून अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमही पार होतात.

टेकडीवर खरी भीती दगडाची असते. कार्बन फ्रेम म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले धाग्यांचे थर. धाग्याच्या दिशेने त्यांची ताकद प्रचंड, पण बाजूने टोकदार कातळाचा फटका बसला की आतले थर ओल्या प्लायवूडसारखे सुटतात. वरचा रंग मात्र जवळपास शाबूत राहू शकतो. तोच फटका अ‍ॅल्युमिनियमला बसला तर पोचा पडतो, आणि पोचा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. विक्रेता फटीगबद्दल भरभरून बोलला. फटक्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

मी विचारलं होतं, स्पष्ट शब्दांत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर आजही आहे: "नो क्रॅश, नो रिपेअर, फ्रेम १०० टक्के ओरिजिनल." बाइक बघायला गेले तेव्हा टॉर्च लावून हेड ट्यूब, सीटपोस्टच्या क्लॅम्पची जागा, चेनस्टे, मागचे जोड सगळं तपासलं. सगळं स्वच्छ होतं. डाउनट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) पोटाला, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) थोडं वर, मॅट काळा जाडसर स्टिकर होता. "दगडांपासून संरक्षणासाठी," तो म्हणाला. असे स्टिकर नव्या बाइकवरही असतात, त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

काही आठवड्यांतच चढावर उभं राहून पेडल मारलं की खालून कुरकुर यायला लागली. मेकॅनिकने पेडल, सीटपोस्ट, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट सगळं उघडून, पुसून, ग्रीस लावून बसवलं. आवाज तसाच. मग त्याने खिशातून नाणं काढलं आणि डाउनट्यूबवर वरपासून खाली टिचक्या मारत आला. टक, टक, टक, आणि स्टिकरपाशी एकदम बद्द आवाज. "ताई, ऐका," म्हणाला आणि तीच जागा परत वाजवली. हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून सोलून काढला. खालचा रंग बाकी फ्रेमपेक्षा किंचित निराळा चमकत होता. पॉलिश पेपर फिरवला तर काळ्या भुकटीऐवजी पिवळट पीठ निघालं. "ही लांबी आहे ताई. गाडीच्या पत्र्याला भरतात तीच."

लांबी खरवडल्यावर तडा दिसला. चार बोटं लांब, नळीला अर्धा वळसा घालून गेलेला, कडेला तुटलेल्या धाग्यांची टोकं उभी. त्यावर कार्बनच्या कापडाचा एक थरही नव्हता. भेग बुजवली, स्प्रे मारला, स्टिकर लावला आणि मला विकली. हीच फ्रेम घेऊन मी सिंहगडच्या बाजूचे दगडी उतार उतरत होते. पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त येतो.

कार्बनची दुरुस्ती होते, आणि उत्तम होते. तुटलेला भाग उतरता घासून काढतात, मूळ धाग्यांच्या दिशेने नवे थर बसवतात, दाब आणि उष्णता देऊन ते पक्के करतात. अशी दुरुस्त केलेली फ्रेम सांगून, किंमत कमी करून विकणाऱ्याला मी प्रामाणिकच म्हणेन. लांबीला मात्र ताकद नसते, ती फक्त भेग झाकते.

अ‍ॅल्युमिनियममध्येही हाच धंदा चालू शकतो, त्यामुळे तिकडेही डोळे उघडे ठेवा. तडा गेलेल्या फ्रेमला "आर्गन मारून", म्हणजे वेल्डिंग करून, वर पावडर कोटिंग करता येतं. पण ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची ताकद टी६ या उष्णता प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने जोडाभोवतीचा धातू मऊ पडतो, आणि सगळी फ्रेम पुन्हा त्याच प्रक्रियेतून काढल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये तशी भट्टी नसते. जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला नवाकोरा रंग दिसला तर प्रत्येक वेल्डची जाडी दुसऱ्या बाजूच्या वेल्डशी ताडून बघा. एखादाच जाड, ओबडधोबड असेल तर सोडून द्या.

कार्बन बघताना फ्रेमवरचा प्रत्येक स्टिकर आणि फिल्म काढून दाखवायला सांगा. नवा स्टिकर काहीशे रुपयांत येतो, तो तुम्ही भरून द्या. नकार आला तर उठा. नाण्याचा आवाज डाव्या-उजव्या बाजूंचा ताडून बघा, कारण नळीची जाडी जागोजागी बदलते आणि आवाजही बदलतो. जोडापाशी बद्द वाजलं म्हणजे तडाच असतो असं नाही, शंका आली तर कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या. बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर बिलाशी जुळतो का ते पाहा. माझ्या फ्रेमचा नंबर रंगाखाली दबलेला होता आणि बिल म्हणून धूसर फोटो मिळाला होता. "लाइफटाइम वॉरंटी आहे" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. बहुतेक कंपन्या ती फक्त पहिल्या मालकाला देतात.

विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा "तुम्हीच पाडली असेल" असं उत्तर आलं आणि नंबर ब्लॉक झाला. पण लांबी आणि रंग माझ्याकडे येण्याआधीचे आहेत. त्याच्या जाहिरातीतल्या फोटोतही तोच स्टिकर आहे. चॅट, पैसे पाठवल्याची नोंद, मेकॅनिकने स्टिकर काढतानाचा व्हिडिओ हे सगळं जोडून पोलिसांकडे अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. ग्राहक आयोगातही जाणार आहे. एखाद्याने स्वतःची एक जुनी वस्तू विकली तर तिथे दाद मिळणं अवघड जातं, पण हा माणूस सतत बाइक घेतो आणि विकतो, म्हणजे व्यापारच करतो, असं माझं म्हणणं आहे. पुरावा म्हणून फ्रेम आहे तशीच ठेवली आहे. तुमचाही असाच व्यवहार झाला असेल तर फ्रेम दुरुस्तीला देऊ नका, आधी अर्ज द्या.

त्याची नवी जाहिरात या आठवड्यात पाहिली. फुल सस्पेन्शन, कार्बन, "नो क्रॅश". फोटो भरपूर आहेत, डाउनट्यूबच्या खालच्या बाजूचा एकही नाही.