थ्रीएम ६२०० मास्क : गॅरेजातल्या शिशासाठी घ्यावा का?

घ्यावा, पण कशासाठी घेतोय ते ओळखून. नागपूरजवळच्या वाडीतली ट्रकची गॅरेजं असोत की गल्लीतला डेंटिंग-पेंटिंगवाला, नाकाला दुपट्टा बांधला की काम सुरू. तांब्या-पितळेच्या रेडिएटरचं झाळकाम, बॅटरीची टर्मिनल ओतणं, जुना रंग ग्राइंडरनं खरवडणं, या सगळ्यांत शिसं उडतं आणि त्याचा बारीक धूर कापडानं अडत नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या या मास्कला २०९७ नंबरच्या गुलाबी चकत्या (हवा गाळणारे फिल्टर) लावल्या की ९९.९७ टक्के कण अडतात. चकत्या बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात, भाव विचारताना हे लक्षात ठेवा.

मापं अशी : ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. घातल्यावर दोन्ही चकत्यांच्या मधल्या खळग्यावर अंगठे दाबून हळूच श्वास ओढा. मास्क आत ओढला गेला पाहिजे. कडेनं हवा आली तर पट्टे नीट करा. दाढीवर तो बसतच नाही, दोन दिवसांचे खुंटही नकोत. मे महिन्यात घामानं मास्क सरकतो, तेव्हा तोंड पुसून पुन्हा तपासा.

ग्राइंडरच्या ठिणगीनं चकतीला भोक पडतं. तिथं झाकणवाला ७०९३ नंबरचा फिल्टर लावा. स्प्रे मारताना २०९७ नको. तिच्यातल्या कोळशामुळे थिनरचा वास कमी येतो आणि माणूस फसतो. थिनरच्या वाफेसाठी वेगळं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) लागतं. गॅरेजात दिसेल त्यावर कंप्रेसरची हवा मारायची सवय असते. चकतीवर मारली तर ती फाटते, वर धूळ उडते ती वेगळीच. श्वास जड झाला की चकती बदला.

मास्क काढला की हात जातो खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीकडे, आणि बोटांवरचं शिसं चिमटीबरोबर तोंडात. पेट्रोलनं हात धुणं म्हणजे धुणं नव्हे. साबण आणि नखांना ब्रश हवा. कामाचे कपडे घरी पोरांच्या कपड्यांत टाकू नका.

पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, थकवा, वाढलेलं बीपी, रक्त कमी होणं, यावर अ‍ॅसिडिटीची गोळी खाऊन दिवस ढकलले जातात. त्यापेक्षा रक्तातलं शिसं तपासा. रक्त शिरेतूनच द्या, बोटाच्या टोचणीत कातडीवरचं शिसं मिसळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सूचनेप्रमाणे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं. म्हणून गावाकडे लांब सुट्टी काढून आल्या-आल्या तपासू नका, आकडा कमी दिसेल. काम जोरात असताना तपासा.