आजीचं हातमशीन, आईचं पायमशीन आणि माझं हे इलेक्ट्रिक

सहा महिने वापरून लिहितेय. शिलाई मशीन हलकं आहे, आवाज कमी, सुईत दोरा ओवायचा खटका तर मस्तच. पण जीन्सचे चार पदर आले की टाके सोडतं, १६ नंबरची सुई लावली की जरा बरं चालतं.

आजी एका हाताने चाक फिरवायची आणि उरलेल्या एका हाताने कापड सरकवायची, अख्ख्या घराचे कपडे तिने असे शिवले आणि त्याला कुणी काम म्हटलं नाही. आईने पायमशीनवर बाहेरची शिवणं घेतली, तीही रात्री सगळे झोपल्यावर, पैसे मात्र बाबांच्या हातात. मी ऑफिसातून येऊन हौस म्हणून शिवते, हौस कसली, मुलांच्या कार्यक्रमाचे ड्रेस अजून 'तूच बघ ना' करत माझ्याकडेच येतात! टाका तसा तोच, शिलाई मशीनच्या १८४६ च्या पेटंटमधला, वरचा धागा खालच्यात अडकवणारा.

लेकीला शिकवायला बसले तर म्हणाली, दादालापण शिकव मग. त्याला आता खालच्या धाग्याची बॉबिन भरता येते, धाग्याचं टेन्शन (ताण) अजून मीच बघते. चार स्टार.