गरोदरपणात एचआयव्हीची गोळी: जुनी की नवी?
नाशिकच्या सिव्हिलमधून औषध नेणाऱ्या बाईला पूर्वी एफाविरेन्झवाली गोळी मिळायची. झोपताना घ्यायची, अनेकींना चक्कर, चित्रविचित्र स्वप्नं. आताची डोल्युटेग्राविरवाली गोळी रक्तातला विषाणू झपाट्याने खाली आणते. सातव्या महिन्यात निदान झालं तरी बाळाची लागण टाळायला थोडा वेळ हाताशी राहतो. २०१८ मध्ये बोट्सवानातल्या पाहणीतून या नव्या गोळीमुळे बाळाच्या मज्जारज्जूत दोष येण्याची शंका निघाली होती. पुढच्या आकडेवारीत ती टिकली नाही. माझा कौल नवीलाच.

नवीची खोड एकच. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तर ही नवी गोळी नीट अंगी लागत नाही. जेवणासोबत चालतं, नाहीतर ती दोन तास आधी घ्यायची.

भीतीपोटी औषधच सोडलं तर? उपचाराविना बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. उपचाराने ५ टक्क्यांच्या खाली.