वाफेच्या इंजिनाला शेवटचं भेटायचंय: दार्जिलिंग, उटी की रेवाडी?

भारतात ब्रॉडगेजवरचं वाफेचं रोजचं रनिंग ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर लाईनवर संपलं, मीटरगेजवालीही पुढच्या काही वर्षांत गेली, आणि आज जी थोडीफार जुनी इंजिनं अजून पेटतात त्यांचा आजार एकच आहे, बॉयलर, म्हणजे पाणी उकळून वाफ करणारी टाकी. बाकी सगळं बदलता येतं हो, पिस्टन नवा टाका, बेअरिंग ओतून घ्या, चाकांना नवे टायर चढवा, पण बॉयलरचा पत्रा आतून झिजत जातो, पाण्यातला क्षार ट्यूबवर बसतो, फायरबॉक्सचे (जिथे कोळसा जळतो ती पेटी) स्टे, म्हणजे पत्रे धरून ठेवणाऱ्या सळ्या, तुटायला लागतात, आणि एखाद्या टेस्टला प्रेशर टिकलं नाही की सही मिळत नाही, विषय संपला. मग स्टेशनबाहेर चौथरा बांधायचा, काळा रंग मारायचा, लोक सेल्फी काढणार. इंग्लंडात बॉयलरचं सर्टिफिकेट साधारण दहा वर्षांचं असतं, संपलं की पूर्ण इंजिन खोलायचं. तिथलं फ्लाइंग स्कॉट्समन नावाचं प्रसिद्ध इंजिन असंच २००६ ला दुरुस्तीला घेतलं ते थेट २०१६ ला परत धावलं आणि बिल झालं ४२ लाख पौंड. तेवढा पैसा एकवेळ उभा राहील पण बॉयलर ठोकणारी हाताची माणसं रिटायर होत चाललीत ना, खरं दुखणं ते आहे.

त्यामुळे बघायचं असेल तर पेटलेलं असताना बघा. एकाच ट्रिपचं बजेट आणि सुट्टी असेल तर तीन जागा आहेत आणि तिन्ही ठिकाणचं भेटणं वेगळं आहे.

दार्जिलिंग आधी घेतो कारण खरी म्हातारी मंडळी तिथेच आहेत. लाईन १८८१ ची, दोन फुटी गेज, न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग ८८ किलोमीटर, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत. यातली बी क्लास इंजिनं १८८९ पासून १९२० च्या दशकापर्यंत बनली, एकूण ३४, बहुतेक ग्लासगोची, थोडी अमेरिकेतल्या बाल्डविनची आणि तीन तर तिथल्याच तिनधारिया वर्कशॉपची. आता मोजकीच उरलीत आणि त्यातलीही सगळी एकावेळी चालू नसतात, एक चालतं तर दुसरं वर्कशॉपला असतं. आकाराने लहानशी, पाण्याची टाकी बॉयलरवरच खोगिरासारखी बसवलेली, आणि एवढ्याशा यंत्राला माणसं किती लागतात बघा, ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा वेगळा आणि पुढे बफरवर बसून रुळांवर वाळू टाकणारे दोघे, कारण ओल्या चढावर चाकं घसरतात. शंभर वर्षांचं इंजिन, पाच जणांच्या जिवावर चढतंय, आणि बाजूने जीपवाले हॉर्न मारतायत, हे दुसरीकडे कुठेच दिसणार नाही.

पण एक लक्षात ठेवा, खालून वर येणारी रोजची गाडी डिझेलवर असते. वाफ बघायची तर दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंगची जॉय राइड घ्यायची, साधारण दोन तासांची, मध्ये बतासिया लूपला (रुळांचं गोल वळण) थोडा वेळ आणि घूमला म्युझियमसाठी अर्धा तास. घूम २२५८ मीटरवर, देशातलं सगळ्यात उंच स्टेशन. त्या राइडमध्येही डिझेल आणि स्टीम अशा दोन्ही असतात, स्टीमचं तिकीट महाग, आणि कित्येक जण स्वस्त दिसलं म्हणून डिझेलचं काढतात आणि मग तिथे जाऊन हिरमुसतात, त्यामुळे बुकिंग करताना डोळे उघडे ठेवा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा जाऊच नका.

उटीचं गणित वेगळं. प्रवास म्हणून विचाराल तर तिन्हीत नंबर एक, माझ्या मते वादच नाही. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, १८९९ ला कुन्नूरपर्यंत आणि १९०८ ला उटीपर्यंत पोचलेली मीटरगेज, आणि कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते, बारा फुटांमागे एक फूट चढ. इंजिन मागून ढकलतं, पुढून ओढत नाही, त्यामुळे पहिल्या डब्यात बसलात तर समोर दरी आणि पाठीमागून धापा. चार सिलिंडर असतात, सपाटीला दोनच चालतात, चढ लागला की त्यांतून निघालेली वाफ दुसऱ्या दोघांना जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. अहो पहिल्यांदा हे आवाजावरून कळतं तेव्हा मजा येते. आणि ही राइड नाही, रोजची गाडी आहे, सकाळी सातच्या सुमारास निघते, दुपारी उटी.

मग अडतंय कुठे? एक म्हणजे कुन्नूरच्या पुढे डिझेल लागतं. दुसरं, जुनी स्विस इंजिनं थकली म्हणून त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने त्याच ड्रॉइंगवर नवीन बनवली, आणि बरीच इंजिनं कोळशाऐवजी तेलावर चालतात. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला नाही पटत, उलट हीच एक लाईन आहे जिने पेशंट मरायची वाट न बघता पुढची पिढी तयार केली, पण तुम्हाला जर खऱ्या जुन्या इंजिनाचा निरोप घ्यायचा असेल तर उटीला तो घेता येत नाही, कारण तिथे कोणी लगेच जात नाहीये. पोरांना घेऊन जायचं असेल तर मात्र डोळे मिटून उटी.

रेवाडी हे वेड्यांसाठी. हरियाणात, दिल्लीपासून ८० किलोमीटरच्या आसपास, १८९३ चं शेड, आता हेरिटेज म्हणून ठेवलंय. डोंगर नाही, धुकं नाही, हॉटेलांची मजा नाही, पण मोठी इंजिनं इथेच. गोल नाकाची डब्ल्यूपी, जी मेल-एक्सप्रेसला लागायची, ७५५ बनली होती त्यातली वाचलेली इथे भेटतात, बाल्डविनने १९४७ ला बनवलेलं ७२०० नंबरचं ‘आझाद’ आणि चित्तरंजनच्या कारखान्यातलं ‘अकबर’, ज्याला हिंदी सिनेमावाले सारखे शूटिंगला नेतात. १८५५ ची फेअरी क्वीनही याच बाजूला धावलीय. तिची कथाच आहे, १९०९ ला रिटायर केलेली, हावड्याला आणि मग चंदौसीला नुसती उभी, १९९७ ला परत पेटवली, २०११ मध्ये चोरांनी पार्ट पळवले, मग चेन्नईच्या पेरांबूरला दुरुस्त होऊन आली. १७० वर्षांचं इंजिन मरणाच्या दारातून किती वेळा परत आणायचं यालाही काही मर्यादा असेल की.

अडचण अशी की रेवाडीची इंजिनं रोज पेटत नाहीत. थंड बॉयलर तापवायलाच कित्येक तास लागतात, म्हणून ठरावीक दिवशीच गाडी निघते, मुख्यतः हिवाळ्यात, आणि ऐनवेळी रद्द पण होते. तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. पण घरात कोणी रेल्वेतून रिटायर झालेलं असेल, दौंड-मनमाड-भुसावळ शेडला ज्यांचं आयुष्य गेलं किंवा ज्यांनी बार्शी लाईटने (जुनी नॅरोगेज गाडी) पंढरपूरची वारी केलीय, तर त्यांना इथेच न्या, डोंगराचे चढ नाहीत, आणि थंड इंजिन असलं तरी ते रेग्युलेटरला (वाफ सोडायचा दांडा) हात लावून अर्धा तास बोलत बसतील. दार्जिलिंगची थंडी आणि उंची पंच्याहत्तरीच्या माणसाला झेपेलच असं नाही.

जवळ म्हणून माथेरान नको का? लाईन १९०७ ची, गोड आहे, पण तिथली वाफ चाळीसेक वर्षांपूर्वीच गेली. त्यांचं एक जर्मन इंजिन दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे, म्हणजे रेवाडी करताना तेही बघून होईल. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज म्युझियम आहे, रविवारची दुपार घालवायला छान, पण सगळं थंड.

मी स्वतःच्या खिशातून एकदाच जाणार असेन तर दार्जिलिंग, मार्च-एप्रिल किंवा दिवाळीनंतर, आणि जॉय राइडच्या आधी तासभर स्टेशनजवळच्या शेडपाशी उभा राहीन, कारण इंजिनात कोळसा-पाणी भरतात तेव्हाच ते नीट बघायला मिळतं, डब्यात बसल्यावर नुसता धूर दिसतो. गडद रंगाचे कपडे घाला आणि चष्मा असेल तर तो लावूनच खिडकीबाहेर डोकं काढा, कोळशाचा कण डोळ्यात गेला की पुढचा लूप चोळण्यातच जातो.